भाऊजींची दारू एकदम तोडू नकोस

ताई,

काल फोनवर आई शेजारीच होती म्हणून नीट बोलता आलं नाही, आता सगळं लिहूनच काढते, सावकाश वाच आणि भाऊजींना लगेच दाखवू नकोस.

तू म्हणालीस ते रोज ऑफिसला वेळेवर जातात, आरडाओरडा नाही, कधी कुठे पडले नाहीत, मग व्यसन कसलं. अगं नोकरी सांभाळून, हप्ते भरून वर्षानुवर्षं पिणारे ढीगभर असतात, आणि त्यांचंच सगळ्यात उशिरा लक्षात येतं. मला खटकलं ते तू जाता जाता बोललीस ते, सकाळी दाढी करताना हात थरथरतो आणि थोडी घेतली की थांबतो. रोजच्या दारूने मेंदू सुस्तावतो, त्याला तोंड द्यायला तो स्वतःला जास्तच जागं ठेवायला लागतो, आणि रात्रीत दारू उतरली की नुसता तो जागेपणा उरतो, म्हणून ही थरथर, घाम, धडधड. पूर्वी दोन पेगात व्हायचं त्याला आता चार लागतात, याला सगळे कौतुकाने कपॅसिटी म्हणतात, कर्म माझं.

बाटली कपड्यांमागे ठेवणं, किती घेतली विचारलं की अंगावर येणं, जिथे प्यायला मिळणार नाही तिथे जायचंच टाळणं, आणि रात्री चांगलं चालत-बोलत असून सकाळी त्यातलं काहीच न आठवणं, हेही बघ. डॉक्टर साधारण चार गोष्टी विचारतात, कमी करावीशी वाटली का, कोणी टोकलं की राग येतो का, अपराधी वाटतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. दोनाला हो आलं तरी नीट तपासणी हवी.

आता सोमवारपासून शपथ घालून बंद करायला लावणार आहेस ना, ते प्लीज नको. सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची एकदम तोडली तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची, ते त्या दिवसांपुरत्या गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, व्हिटॅमिन बी१ पण देतात. आणि शेजारच्या काकू म्हणतात ती जेवणातून गुपचूप द्यायची गोळी तर अजिबात नको. ती बहुतेक डायसल्फिराम असते, त्यावर दारू पोटात गेली की उलट्या, धडधड, बीपी धाडकन खाली, आणि त्यांना माहीतच नसेल तर ते पिणारच ना!

बोलायचं तर उतरलेली असताना बोल, आरोप नको, हाताच्या थरथरीची भीती वाटते एवढंच म्हण. नाहीच ऐकलं तर तू एकटी डॉक्टरांना भेटून ये, तेही चालतं. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे कागदावर लिहून ने. वेळ ठरली की मेसेज टाक, इथे मध्यरात्र असली तरी मी कॉलवर येते.

तुझी,
छोटी