समुपदेशनाच्या खोलीत दुभाषी म्हणून नातेवाईक नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरील लेखांवर आपल्या दैनिकात अलीकडे वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख ‘कोणती उपचारपद्धती चांगली’ या प्रश्नाकडे होता. बेळगावात समुपदेशनाचे काम करणारी एक व्यक्ती म्हणून मला वाटते की, हा प्रश्न रास्त असला तरी आपल्या भागात पहिला नाही. पद्धत कोणतीही असो, ती ज्या दोन माणसांच्या नात्यावर उभी राहते ते नातेच आपल्याकडे पुष्कळदा जुळू दिले जात नाही.

पद्धतींचे वाद जुने आहेत. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या परंपरेत बालपणीच्या नात्यांचे ठसे उपचारकाशी होणाऱ्या वागण्यात उमटतात असे मानले गेले आणि त्या ठशांचा अर्थ लावणे हाच उपचाराचा गाभा ठरला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठीत विवेकनिष्ठ भावनोपचार म्हणून रुळलेली पद्धत माणसाच्या हट्टी, अविवेकी समजुतींशी थेट वाद घालते. त्यांच्याच देशातले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मात्र १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणे आणि उपचारकाचा स्वतःचा खरेपणा एवढे त्या नात्यात असले, तर बदलाला लागणारे बाकीचे बळ अशिलाकडेच, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीकडेच, असते. रॉजर्स यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. मंत्रचळासारख्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या, विकारात नुसत्या आपुलकीने हात धुणे थांबत नाही; तिथे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव शास्त्रशुद्धपणेच करून घ्यावा लागतो. तरीही नैराश्यासारख्या नेहमीच्या तक्रारींत निरनिराळ्या पद्धतींची तुलना होत गेली, तसा त्यांच्या परिणामांतील फरक अपेक्षेपेक्षा कमीच आढळला आणि उपचारक व अशील यांच्या नात्याचा दर्जा मात्र गुण येण्याशी पुन्हा पुन्हा निगडित दिसला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याची तीन अंगे सांगितली: काय साधायचे यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयीचा विश्वास.

ही तीन अंगे मनात ठेवून खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून आलेली सून डोळ्यांसमोर आणावी. समोरच्या डॉक्टरांना मराठी येत नाही, तिला कन्नड येत नाही, म्हणून सोबत आलेला दीर दुभाषी होतो. ती खाली मान घालून सांगते, “रात्री छातीत धडधडूलालंय, घरात कुणाशी बोलूस नको वाटतंय, विहिरीकडे गेलं की भ्याव वाटतंय.” दीर कन्नडमध्ये एवढेच सांगतो की, वहिनींना झोप लागत नाही. विहिरीचा उल्लेख दोन खुर्च्यांच्या मधल्या मध्ये गळून पडतो, आणि ऐकणाऱ्याला तर त्याच एका वाक्यापाशी थांबून जिवाला धोका आहे का, हे शांतपणे विचारायला हवे होते. दीर खोटा बोलला असे मी म्हणत नाही. घराची अब्रू राखणे हे त्याचे काम, आणि ते त्याने केले. पण घराविषयीचे मन जिच्याकडून समजून घ्यायचे, तिने ते घरातल्याच माणसाच्या तोंडून सांगावे अशी अपेक्षा ठेवून विश्वासाचे नाते कसे जुळावे? झोपेच्या गोळ्या घेऊन ती परत जाते, आणि तिच्या दृष्टीने समुपदेशन ‘करून झाले’.

यात सीमाप्रश्नाचे राजकारण कुणी शोधू नये. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातली कन्नडभाषक बाई मराठीच डॉक्टरांपुढे बसते, तेव्हा तिच्यावरही हाच प्रसंग येतो आणि तो तितकाच गैर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांस संमती कशी घ्यावी हे सांगताना, त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीने पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच ग्राह्य धरली आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ ने उपचारांविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जीविताला धोका असण्यासारखे मोजके अपवाद त्यात आहेत, पण ‘दुभाषी हाताशी नव्हता’ हा अपवाद त्यात कुठेही नाही.

भाषा एक असली म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. आपल्याकडे डॉक्टर, मास्तर आणि वडीलधारे यांच्यापुढे ‘होय’ म्हणण्याची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. “तुम्ही सांगाल तसं करतो, सर” असे म्हणणारा अशील आज्ञाधारक वाटतो, आणि पुढच्या खेपेला येतच नाही. आपण समजतो की भातलावणी सुरू झाली असेल, एस.टी. चुकली असेल, पुष्कळदा तसे असतेही. पण पुष्कळदा त्याला आपला सल्ला पटलेला नसतो आणि तसे तोंडावर सांगण्याची सोयच आपण ठेवलेली नसते. म्हणून मी दर भेटीच्या शेवटी मुद्दाम विचारते की, आज मी बोलले त्यातले काय जमण्यासारखे नाही. ‘पटले का’ असे विचारले की उत्तर ठरलेले. ‘काय जमणार नाही’ असे विचारले की माणूस खुर्चीत जरा सावरून बसतो आणि बोलू लागतो. मग कळते की, दारू सोडण्याचे ध्येय बायकोचे होते, त्याला स्वतःला आधी कर्जाविषयी बोलायचे होते. बॉर्डिन यांचे पहिले अंग इथे पुस्तकातून उठून समोर येऊन बसते.

सोबत आलेल्या नातेवाइकांना हुसकून लावावे असे माझे म्हणणे नाही; आपल्याकडे माणूस एकटा दवाखान्यात जात नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्याशी अशिलाच्या परवानगीने वेगळे बोलावे, त्यांचेही ऐकून घ्यावे. मात्र भेटीतली मधली वेळ अशिलाची एकट्याची असावी.

कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमांतर्गत मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुका रुग्णालयांत येतात, ही व्यवस्था स्तुत्य आहे. त्या दिवशी खानापूर, निपाणी, बेळगाव यांसारख्या ठिकाणी मराठी जाणणारी एक प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक हजर राहील आणि तिला गोपनीयतेची शपथ दिली जाईल, एवढे जिल्हा आरोग्य प्रशासनाने केले तर नवी इमारत लागणार नाही की मोठा निधी. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुली आपल्या नर्सिंग महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतातच. तोवर वाचकांनी फोनवरून मानसिक आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या विनामूल्य सेवेत फोन लावल्यावर भाषा निवडता येते आणि त्यांत मराठीही आहे. शिवाय फोनवर बोलताना शेजारी दीर बसलेला असण्याची गरज नसते.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक,
शहापूर, बेळगाव