हडळीचे पाय आणि किल्ल्यावरचे मावळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलावर खेळायच्या युद्धखेळांवर लेख होता. 'श्रीमंतांच्या पोरांच्या परदेशी बाहुल्या, डबा उघडायचा आणि रंग फासायचा' असा त्याचा एकंदर सूर. डबे महाग असतात, त्याबद्दल वाद नाही. पण डबा उघडल्यावर पुढं काय चालतं, हे लेखकानं जवळ बसून बघितलेलं दिसत नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना करणारा. निवृत्त झालो आणि नातवानं या नादाला लावलं. इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेम्स वर्कशॉप म्हणून कंपनी आहे, तिचा वॉरहॅमर हा खेळ १९८३ सालचा. त्यातला माणूस साधारण २८ मिलिमीटरच्या मापाचा, म्हणजे आपल्या बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. नातवाकडं सांगाड्यांची फौज होती, थडग्यातून उठलेली. मी म्हटलं, आपल्याकडं अमावस्येच्या रात्री मशाली घेऊन वेताळाची पालखी निघते, तीच करू की!

इथं जुना धंदा कामाला आला. पोलादी साच्यातून प्लास्टिकचा तुकडा सरळ सुटून आला पाहिजे, आत अडकणारी खाच चालत नाही. लाकडी पॅटर्नचंही तेच. त्यामुळं बऱ्याच मूर्तींचं धड, मुंडकं, हात वेगळे येतात आणि आपण चिकटवायचे असतात. मग एकाचा हात दुसऱ्याला लावायला कोण अडवतंय?

हडळीचे पाय उलटे, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोट्यापाशी सोनारी करवतीनं कापायचं, एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तारेचा तुकडा घालायचा आणि पाऊल फिरवून बसवायचं. नुसत्या फेविक्विकवर असा बारीक सांधा टिकत नाही, पहिल्याच धक्क्याला निखळतो. करवत, हातड्रिल, बारीक कानशी, सगळी सोनारकामाची हत्यारं. गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या गावात त्यासाठी परदेशी पार्सलची वाट कशाला बघायची?

मुंजा करायला बुटका राक्षस घेतला. डोकं घासून गुळगुळीत केलं, शेंडी आणि लंगोटी एम-सीलची. तिकडचे लोक निळी-पिवळी पुटी मळून हिरवी करतात. ती वाळल्यावरही किंचित रबरासारखी राहते, कापडाच्या चुण्यांना उत्तम, पण कानशीला दाद देत नाही. एम-सील दगडासारखं होतं, घासून धार काढता येते. हत्यार पाण्यात बुडवत राहायचं म्हणजे चिकटत नाही. मशालीला मात्र सुती दोरा गुंडाळून त्यावर फेविक्विक ओतू नये. दोरा चटका बसण्याइतका तापतो आणि डोळ्याला झोंबणारी वाफ निघते. तिथं आपलं फेव्हिकॉल बरं. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसं असू शकतं, त्या ओल्या करूनच घासाव्यात आणि पोरांनी जेवायच्या आधी हात धुवावेत.

मनाला येईल तसं कापूनही चालत नाही. फौज रांगेत उभी राहते. एकाचा भाला आडवा आला की मागच्याला जागा उरत नाही. मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीचं माप बदलायचं नाही, आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड दिसते तो कुऱ्हाडीनंच लढला पाहिजे, नाहीतर समोरचा भांडायला उठतो, आणि बरोबरच आहे त्याचं. पालखीचे भोई बसवताना या मापानं आम्हाला हडळीपेक्षा जास्त छळलं.

थ्रीडी प्रिंटरमुळं हातकाम संपलं, असंही लेखात आहे. छापलेल्या मूर्तीचाही हात कापावा लागतो, एवढंच सांगतो.

आता पत्राचं खरं कारण. दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले होतात, मंडळं स्पर्धा भरवतात. तटबंदी पोरं स्वतः लिंपतात आणि मावळे मात्र बाजारातले, सगळ्यांचा हात एकाच कोनात वर. कोल्हापुरात मर्दानी खेळ बघत वाढलेल्या पोरांच्या किल्ल्यावर दांडपट्टा फिरवणारा एक गडी नसावा? प्लास्टरचा मावळा थोडा वेळ पाण्यात ठेवला की मऊ पडतो, हात करवतीनं सुटतो, धूळही उडत नाही. तार घालून हात हवा तसा वळवायचा, नीट वाळू द्यायचं आणि वर एम-सील. दांडपट्ट्याचं पातं म्हणून ठोकून चपटी केलेली पितळी तार चालते. करवत मोठ्यांनी धरावी.

स्पर्धेच्या आयोजकांना विनंती, की यंदा शंभरातले दहा गुण स्वतः बदललेल्या मावळ्यांना ठेवावेत. आणि त्यातला निदान एक मावळा बिनरंगाचा ठेवायला सांगावा, म्हणजे सांधा कुणी जोडलाय ते परीक्षकांना कळेल.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, शाहूपुरी, कोल्हापूर