तळघरात पलंग टाकण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. नवं घर, ऐसपैस तळघर, आणि तिथे मुलीसाठी अभ्यासाची नि झोपायची खोली करायचा बेत. वाचून आनंद झाला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा थोरला तीन वर्षं तळघरातच अभ्यास करत होता. त्या तीन वर्षांत श्वासाबरोबर त्याच्या छातीत काय जात होतं, ते मला फार उशिरा कळलं. म्हणून हे पत्र लांबणार आहे. भिंतींना रंग काढायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

रेडॉन हे नाव आपण शाळेत निष्क्रिय वायूंच्या यादीत पाठ केलं होतं, आठवतं? खडकांत आणि मातीत थोडंफार युरेनियम जवळजवळ सगळीकडे असतं. त्याचा क्षय होत होत रेडियम तयार होतं, आणि रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मा वायू क्षय पावायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. मातीच्या फटींतून वर येऊन घरात शिरायला तेवढा वेळ पुरतो. उघड्यावर तो हवेत पांगतो. घरात, विशेषतः तळघरात, साचून राहतो. वायू स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बराचसा तसाच बाहेर पडतो. घात करतात ते त्याच्यापासून पुढे तयार होणारे पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूचे कण. ते फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तरावर बसतात आणि तिथेच अल्फा कण सोडतात. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की कर्करोगाचा धोका वाढत जातो. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसांच्या फुप्फुसाच्या कर्करोगामागे रेडॉन हे सर्वांत मोठं कारण मानलं जातं. युरोपातल्या १३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००५ साली काढलेला निष्कर्ष असा की घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) रेडॉन वाढला की हा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा, त्यामुळे त्याला याची झळ कितीतरी पट जास्त. तुझे बाबा अजून सिगारेट ओढतात ना? त्यांना तर खाली बसूच देऊ नकोस.

हे सगळं घरातही होऊ शकतं याकडे जगाचं लक्ष गेलं ते एका विलक्षण प्रसंगाने. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज केंद्रातला एक अभियंता कामावर आला की किरणोत्सर्गाचा इशारा देणारं यंत्र वाजू लागे. केंद्र तर अजून सुरूही झालेलं नव्हतं! शोध घेतला तेव्हा कळलं की तो हे घरून अंगावर घेऊन येतोय. त्याच्या घरातला रेडॉन दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल निघाला. जागतिक आरोग्य संघटना १०० च्या आत ठेवा म्हणते, आणि अगदीच जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ देऊ नका म्हणते. यावरून कल्पना कर.

आमच्या तळघरात ६४० निघाले. शेजारच्या घरी मात्र अगदी कमी. म्हणून सांगतो, शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. दोन घरांखालची माती, पाया, भेगा, काहीच सारखं नसतं.

आकडा हातात आल्यावर मी जे पहिलं केलं तेच तू करशील, म्हणून नीट सांगतो. दोन रविवार गुडघ्यांवर बसून मी कोब्याची एकेक भेग भरली. भिंत आणि जमीन मिळते तो सांधा, पाइप जमिनीतून वर येतात त्या जागा, सगळं सीलंटने बुजवलं. पुन्हा मोजलं तर ५२०. मी हबकलोच. मग समजलं की घर धुराड्यासारखं वागतं. आतली ऊबदार हवा वर जाते, वरच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरायला घर खालून, जमिनीतून हवा ओढून घेतं. हा ओढा चालू आहे तोवर डोळ्यांना न दिसणारी फटसुद्धा त्याला पुरते. नुसत्या वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या तर तो उलट वाढूही शकतो. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावरही भिस्त ठेवू नकोस. ते थोडे कण पकडेल, पण खालून वायू येतच राहणार.

उपाय म्हणजे तो ओढा उलटवायचा. कारागिराने कोब्याला एका कोपऱ्यात मोठं भोक पाडलं, खालची खडी-माती बादलीभर उपसून पोकळी केली आणि तिच्यात चार इंची पाइप बसवला. त्याआधी त्याने लांबच्या कोपऱ्यांत बारीक भोकं पाडून, एकीकडून हवा खेचत, त्या भोकांशी धुराची कांडी धरली होती. धूर सुळकन जमिनीत गेला. म्हणजे एका जागेची ओढ साऱ्या कोब्याखाली पोचत होती. तो क्षण मी विसरणार नाही. पाइप छपराच्या वर नेला. पंखा माळ्यावर, कारण तो राहत्या खोल्यांत कधीच बसवायचा नाही. त्याच्या पुढच्या पाइपातून गळती झाली तर सगळा वायू घरात. पंखा रात्रंदिवस चालतो, बंद करायचा नाही. पाइपावर यू आकाराची नळी आहे, तिच्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वरखाली दिसली की ओढ चालू आहे. सकाळी उठलो की आधी मी ती बघतो. भेगा बुजवल्या त्याचा उपयोग आता झाला, कारण पंखा घरातली हवा न खेचता मातीतली खेचतो. घरात गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल तर तिचा धूर उलटा आत येत नाही ना, हे मात्र तपासून घे. पुन्हा मोजलं तेव्हा आमच्याकडे ४५ आले. मी तळघराच्या पायरीवर बसून रडलो.

तुझं पाणी स्वतःच्या विहिरीचं असेल तर त्यातही रेडॉन आहे का, ते एकदा तपासून घे.

पण सगळ्यात आधी मोजणं. सोबत एक छोटी डबी पाठवतो आहे. आत प्लास्टिकचा तुकडा आहे, त्यावर अल्फा कणांचे ओरखडे उमटतात आणि प्रयोगशाळा ते मोजते. पाकीट फोडल्यापासून नोंद सुरू होते, म्हणून ठेवायच्या वेळीच फोड. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर ठेव. खिडकी, पंखा आणि बाहेरची भिंत यांच्यापासून दूर. डबीवर तारीख आणि वेळ लिही. तीन महिने हलवायची नाही. तोवर मुलीचा पलंग वरच्या मजल्यावरच राहू दे, आणि आकडा आला की रात्र असली तरी मला फोन कर.

तुझा,
अविनाश