निवडलेलं सिलिकॉन आणि बाबांचा चार्जर

वाशी मुक्कामी
ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, एकाच वजनाच्या अणूंचं सिलिकॉन घातलं तर चार्जर गार राहील का? फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

चिपचं सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध असतं, पण ती शुद्धता रासायनिक. खुद्द सिलिकॉनचे अणूच तीन वजनांचे: २८ चे ९२.२ टक्के, २९ चे ४.७, ३० चे ३.१. आई, तुझ्या मोत्यांच्या सरीत मधूनच एखादा मणी जड असेल, तर सर हलवल्यावर लहर तिथे अडखळेल. स्फटिकातून उष्णता अशाच लहरींनी वाहते.

तरी सगळे मणी एकाच वजनाचे केले, तर खोलीच्या तापमानाला उष्णता वाहण्यात फायदा जेमतेम दहा टक्के. संध्याकाळी सातच्या ठाणे स्टेशनसारखी गत असते, लहरीच एकमेकींवर इतक्या आदळतात की जड मण्याचं काही वाटत नाही. (साठ टक्क्यांचा आकडाही छापून आला होता, पुढच्या मोजणीत टिकला नाही.) तोच तुकडा उणे २५० अंशांपर्यंत गार केला की गर्दी ओसरते आणि फरक कित्येक पटींवर जातो. हिऱ्याचं वेगळं. त्याचे बंध इतके ताठ की आपलं खोलीचं तापमान त्याला थंडीच. म्हणून ९९.९ टक्के कार्बन-१२ च्या हिऱ्यातून उष्णता साध्या हिऱ्याच्या दीडपट वाहते.

निवडायचं कसं? सिलिकॉनचा फ्लोराइड वायू करून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात, की जड-हलके वेगळे होतात. फ्लोरिन मुद्दाम, कारण तो निसर्गात एकाच वजनाचा, म्हणजे वजनातला फरक सिलिकॉनचाच. मग त्याचा सिलेन वायू, त्यातून कांडी, कांडीतून स्फटिक. इथे हमखास चूक होते ती मुशीची. क्वार्ट्‌झची मूस म्हणजे साधं, न निवडलेलं सिलिकॉन आणि ऑक्सिजन. वितळलेल्या रसात ती विरघळते, की केलेली निवड पाण्यात. म्हणून मुशीविना, कांडीचा एक पट्टा उभ्या उभ्या वितळवत नेतात.

एवढा खटाटोप मुख्यतः क्वांटम संगणकांसाठी. २९ च्या गाभ्याला बारीक चुंबकत्व असतं, त्याने तिथला क्यूबिट, म्हणजे त्या संगणकाचा माहितीचा कण, बिघडतो. २८ आणि ३० ला ते नाही.

३० ला मात्र टाकाऊ समजू नका. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला आहेत तशा अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळला की त्याचं ३१ होतं, आणि अडीचेक तासांत त्यातले निम्मे अणू फॉस्फरस होतात, तेही आख्ख्या कांडीत सारखे पसरलेले. थायरिस्टरांना, म्हणजे मोठ्या विजेच्या सिलिकॉनी स्विचांना, हेच हवं असतं. निव्वळ २८ ची कांडी भट्टीत ठेवली तर फॉस्फरस येणार कुठून?

तेव्हा बाबा, चार्जर उशीखालून काढा. तापायचं कारण तेच आहे.

तुमची,
धाकटी