माझ्या गाडीचे मैलही मोजा : अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या आमच्या महसूल आयुक्तांना खुले पत्र

मा. महसूल आयुक्त यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. हे मराठीतून अशासाठी लिहिते आहे की, आपल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आमची मराठी घरं बरीच आहेत आणि गाडीच्या कराचं बिल आलं की ओळखीतले बहुतेक जण काही न विचारता पैसे भरून मोकळे होतात. महाराष्ट्रात खासगी गाडी घेताना आरटीओत ‘वन टाइम टॅक्स’ भरला की वर्षानुवर्षं कराचं नाव निघत नाही. तिकडून आलेल्या माणसाला दारातल्या गाडीवर घरपट्टीसारखा दरवर्षी कर लागतो, हेच मुळात नवीन असतं. पहिल्या वर्षी ते बिल हातात पडलं तेव्हा कुणीतरी फसवतंय असंच मला वाटलं होतं.

कर द्यायला माझी ना नाही. माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली. माझं म्हणणं आहे ते गाडीची किंमत कशी लावली जाते याबद्दल.

माझी गाडी २०१४ ची टोयोटा कोरोला, जुनीच घेतलेली. कामावर जायला ४८ मैल, परत यायला ४८, कारण कामाच्या जवळपास घर परवडत नाही. या १ जानेवारीला मीटरवर १,९४,००० मैल होते. मागच्या उजव्या दाराला मोठा पोचा आहे, टपावरचा रंग उडून पांढरे चट्टे पडलेत. बिलावर मात्र तिची किंमत बेताने फिरलेल्या, नीट राखलेल्या गाडीची लावलेली होती. मी ती दोन डीलरांना दाखवली. दोघांनीही त्या किमतीच्या निम्म्याहून कमी रक्कम सांगितली.

एवढी तफावत का पडते, म्हणून मी कायदा काढून वाचला. व्हर्जिनिया संहितेचं कलम ५८.१-३५०३ सांगतं की मोटारीची किंमत मान्यताप्राप्त दरपुस्तिकेवरून, म्हणजे गाड्यांचे बाजारभाव देणाऱ्या पुस्तिकेवरून लावावी. ती लावायच्या रीती दोन. एकीत पुस्तिकेतल्या सगळ्या लागू वाढी-वजावटी धरून प्रत्येक गाडीची वेगळी किंमत काढायची. दुसरीत वजावटी बाजूला ठेवून सरसकट मूळ किंमत घ्यायची. ती सरासरी किरकोळ असो, घाऊक असो की कर्जासाठी धरली जाणारी असो, फक्त त्या वर्गातल्या सगळ्या गाड्यांना एकच लावायची. आपल्या कार्यालयाने दुसरी रीत घेतली आहे. ती कायदेशीर आहे, हे मला मान्य आहे. पण मैलांची वजावट त्याच पुस्तिकेत असताना ते पान उघडायचंच नाही, हे मला पटत नाही.

याचा भार कोणावर पडतो ते पाहा. मेट्रो स्टेशनला चालत जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांची ४०,००० मैल झालेली कोरोला आणि माझी कोरोला आपल्या यादीत एकाच किमतीच्या. जो स्वस्त घरासाठी लांब राहतो आणि रोज गाडी झिजवतो, तो झिजून गेलेल्या किमतीवरही कर भरतो.

किंमत दुरुस्त करून मिळावी म्हणून मी आपल्या कार्यालयात अर्ज केला. सोबत वार्षिक सेफ्टी इन्स्पेक्शनचा मैल लिहिलेला कागद आणि दाराचे फोटो जोडले. तीन आठवड्यांत किंमत कमी झाली, बिल साधारण ५० डॉलरने उतरलं. खिडकीवरच्या बाई फार आपुलकीने बोलल्या, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण असा अर्ज करता येतो हे बिलावर कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं. आणि कलम ५८.१-३९८० प्रमाणे कर-वर्ष संपल्यापासून तीन वर्षांपर्यंत दुरुस्ती मागता येते, हे तर मला फार उशिरा कळलं. मराठी वाचकांनी एवढं एक जरूर ध्यानात ठेवावं आणि मैल लिहिलेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कर जास्त होतो म्हटलं की, राज्याची सवलत आहे, म्हणजे कराचा काही भाग राज्य भरतं, असं उत्तर मिळतं. ती आहेच. जिम गिलमोर १९९७ मध्ये हा कर हटवण्याचं वचन देऊन गव्हर्नरपदी निवडून आले, १९९८ मध्ये कायदा आला आणि खासगी गाडीच्या पहिल्या २०,००० डॉलर किमतीवर सवलत सुरू झाली. पुढे राज्याने वर्षाला ९५ कोटी डॉलरची मर्यादा घातली आणि २००६ पासून प्रत्येक काउंटीला ठरलेलीच रक्कम मिळते. गाड्या वाढल्या, किमती वाढल्या, तरी वाटायचे पैसे तेवढेच. त्यामुळे सवलतीची टक्केवारी घसरत जाते आणि मूळ किंमत बरोबर असणं अधिकच महत्त्वाचं ठरतं.

मनात आणलं तर बदल करता येतो, हे २०२२ मध्ये दिसलं आहे. जुन्या गाड्यांचे भाव भडकले, तेव्हा विधिमंडळाने काउंट्यांना सवलतीची वाट करून दिली आणि व्हर्जिनियातल्याच फेअरफॅक्स काउंटीने ठरवलेल्या किमतीच्या ८५ टक्क्यांवरच कर लावला.

माझी मागणी साधी आहे. दर जानेवारीत गाडीमालकाला मीटरचा आकडा ऑनलाइन भरू द्या आणि पुस्तिकेतली मैलांची वजावट अर्जाची वाट न पाहता लावा. ते एका वर्षात जमणार नसेल, तर निदान बिलावर मूळ किंमत कोणती धरली, सवलत किती टक्के दिली आणि दुरुस्तीचा अर्ज कुठे करायचा, हे मोठ्या अक्षरांत छापा. आपण मतदारांनी दर चार वर्षांनी निवडून दिलेले अधिकारी आहात, म्हणून हे थेट आपल्याकडेच मागते आहे.

पुढची किंमत येत्या १ जानेवारीला ठरेल. त्याआधी आपलं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. त्या दिवशी सकाळी मी मीटरचा फोटो काढून आपल्या कार्यालयाला पाठवणार आहे.

आपली,
काउंटीतील एक करदाती