तुमच्या वितीने उभं राहिलेलं देवघर

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "बरं बरं, आईंचे गुडघे कसे आहेत?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिलेलं पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तुम्ही मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याचं चित्र काढायला म्हणून वाईत येऊन राहिला होतात. मेणवली सिनेमावाल्यांमुळे सगळ्यांना ठाऊक. कृष्णेवरचा घाट, 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक, भिंतींवरची जुनी चित्रं. काढण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. आमच्या वाड्यात कुठला पेशवा कधी उतरला नव्हता. तुम्ही प्यायला पाणी मागायला ओसरीवर आलात, आईने तांब्या-भांडं दिलं, आणि भांडं हातात तसंच धरून तुम्ही माजघराच्या दाराकडे बघत राहिलात. "उद्या येऊ का? फक्त पेन्सिल असते माझ्याकडे," असं म्हणालात. आई मला रात्री फोनवर म्हणाली, "एक मास्तर आलेत, अडगळीचं चित्र काढणार आहेत."

वाडा विकायचं तेव्हा ठरलं होतं. कागदांवर सगळ्या चुलतभावंडांबरोबर माझीही सही आहे, त्यामुळे गळा काढायचा हक्क मला नाही. मी आपली शनिवार-रविवार पुण्याहून येऊन मोबाइलवर फोटो काढत होते. चारशेच्या वर काढले. आज ते बघते तेव्हा कळतं की त्यांत आमचं माजघरच नाही. फोनने कोपरे परस्पर उजळून टाकलेत. आमच्या माजघरात दुपारीसुद्धा वाटीतलं मीठ की साखर हे चाखूनच कळायचं, आणि फोटोत मात्र ट्यूबलाइट लावल्यासारखा लख्ख उजेड. कडेचे खांबही धनुष्यासारखे वाकलेले.

तुम्ही अंधार ठेवलात. चौकातून उजेड आत यायचा तो अकरा ते एक, तेवढेच दोन तास तुम्ही माजघरात बसायचात, असे 19 दिवस. आधी कडक टूएच पेन्सिलने जेमतेम दिसेल अशी आखणी, मग एकावर एक रेघांची जाळी, आणि मऊ, काळी सिक्स बी अगदी शेवटी, तीही चार-दोन जागीच. पेन्सिल ब्लेडने तासून शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवायचात. तळहाताखाली कोरा कागद. माझ्या मुलीने (तिची तेव्हा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी चालली होती) सावली बोटाने घासून काळी केली, तर तुम्ही म्हणालात, "तोंडाला पावडर फासल्यासारखं दिसतं ते. रेघ दिसू दे." चुलीमागच्या भिंतीचं काजळी काळं आणि तुळईखालच्या सावलीचं काळं ही दोन वेगळी काळी आहेत, हे त्या घरात जन्म घेऊनही मला तुमच्या कागदावर कळलं. सोप्यातला तिसरा खांब कलला होता. मुलीने पट्टी पुढे केली. "तो कललाय, मी कशाला सरळ करू?" एवढंच बोललात.

आणि लामणदिवा. देवघरापुढे टांगलेला, रोज डोक्याला लागणारा. त्याच्या साखळीला 27 कड्या होत्या, हे घरातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. तुम्ही 27 काढल्यात. वरून नववी कडी तुटल्यावर आजीने तिथे तार पिळून बांधली होती. ती तारही काढलीत, तिच्या तीन वेढ्यांसकट. पितळेची झळाळी म्हणजे कोरा सोडलेला कागद, पण त्या कोऱ्या जागेची कड धारदार. लाकडावरचा उजेड मात्र कडेला विरत गेलेला. सगळं करड्या रंगात असून पितळ कुठलं आणि सागवान कुठलं हे सांगावं लागत नाही.

वाडा पडला. लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेलं, देवघराच्या चौकटीसकट. आईने फक्त दोन वस्तू हट्टाने मागून घेतल्या: चौकटीवरची गणेशपट्टी आणि लामणदिवा. गणेशपट्टी जुन्या लुगड्यात गुंडाळून पुण्याच्या फ्लॅटमध्ये वर्षभर पलंगाखाली होती.

मग फ्लॅटमध्ये तसंच देवघर करायला सुतार बोलावला. त्याच्यापुढे तुमचं चित्र ठेवलं. चांगला सुतार चित्राचं कौतुक करत बसत नाही, तो मापं शोधतो. आणि ती होती! समासात, अगदी बारीक अक्षरात: "रुंदी 3 वीत 4 बोटं." कोनाड्याची खोली, उंबरठ्याची जाडी, खालच्या कोरीव केळफुलाची उंची, सगळं वीत आणि बोटांत. नऊ इंचांची वीत धरून त्याने हिशेब केला. तीस इंच आले. गणेशपट्टी मोजली तर सव्वाअठ्ठावीस. दोनदा टेप लावून तो म्हणाला, "ताई, ज्यांचा हात आहे त्यांना विचारा."

तुम्हाला आठवत असेल तो फोन. तुम्ही हात टेबलावर पसरलात आणि काकूंनी फूटपट्टी लावून मागून ओरडून सांगितलं, "साडेआठ!" सुताराने कागदावर गुणाकार केला, बोटांची बेरीज मिळवली आणि हसला. पुढची सगळी मापं तुमच्या वितीने लागली. दोन्ही अंगांना केळफुलं आहेत, उंबरठा आहे, पायरीशी दिवळीसुद्धा. उंची तेवढी स्लॅबला शरण जाऊन दीड वीत कमी केली. आई आता रोज सकाळी तुमच्या हाताने मोजलेल्या चौकटीतून आत फुलं वाहते. परवा सवयीने डोकं खाली घातलं. इथे गरज नाही, तरी.

अजून एक ऋण. केळकर संग्रहालयात जा, असं तुम्ही तीनदा सांगितलंत. 22 वर्षं पुण्यात राहून आम्ही शुक्रवार पेठेतल्या त्या दारावरून फक्त गेलो होतो. मे महिन्यात मायलेकी गेलो. दिनकर केळकरांचं घरचं दुकान चष्म्यांचं, आणि हा गृहस्थ गावोगावच्या वाड्यांतून अडकित्ते, दौती, फण्या, दिवे गोळा करत हिंडला. वस्तू 20 हजारांवर गेल्या आणि संग्रहाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. अंग घासायच्या वज्रीवर कुणी मोर का बसवेल, असं मी म्हणत होते. तोवर मुलगी जमिनीवर बसकण मारून एक अडकित्ता काढायला लागलीही होती. दोन तास. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. रेघ दिसत होती सर, घासलेलं नव्हतं.

मूळ चित्रांची तुम्ही किंमत घेतली नाहीत, ते मला अजून पटलेलं नाही. काकूंना कोणता आंबा चालतो ते कळवा. आणि या एकदा. लिफ्ट चालू असते, बहुतेक.

दिवा टांगण्याआधी तो घासूनपुसून घ्यायला तुळशीबागेत नेला होता. दुकानदाराने साखळी हातात घेतली, नवव्या कडीशी थांबला आणि म्हणाला, "ही तार काढून नवी कडी घालून देतो, पन्नास रुपयांत." मी पिशवीतून तुमच्या चित्राची झेरॉक्स काढून त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा वर करून एकदा चित्रातली तार पाहिली, एकदा हातातली, आणि दिवा तसाच पिशवीत भरून दिला.

तुमची,
वाईच्या वाड्यातली धाकटी