सतराच्या शेजारी

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना जीव टांगणीला नको. नानाकाकांना मी इथल्या, गोव्यातल्या आमच्या कॅसिनोच्या जहाजाचा पास काढून देणार नाही. आणि सुपरवायझरची जागा मी घेतलीय, सही करून दिली. फोनवर हेच सांगत होते, तर बाबांनी काही न बोलता फोन आईच्या हातात दिला, म्हणून लिहायला बसले. पप्या वाचून दाखवेल. बाबा, तुम्ही मोबाइल नाकाला लावून वाचायचं नाही, मोतीबिंदूचा डोळा आहे तो. आणि पप्या, मधलं गाळायचं नाही, मला कळतं.

आधी नोकरीचं. पतसंस्थेत तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि त्यासाठी कुणाकुणाच्या पायऱ्या चढलात, हे मला माहीत आहे. मी ते विसरले असं मनात आणू नका. पण तिथल्या आणि इथल्या पगारात जो फरक आहे, त्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन बसतं, घराचा हप्ता बसतो आणि पप्याची फीसुद्धा. पगार ठरल्या तारखेला होतो, पीएफ कापतात, पहाटे सुटल्यावर कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते. खोलीत आम्ही तिघी आहोत, एक मिरजेची, एक मणिपूरची. दाराला आतून दोन कड्या आहेत, आई, हे तुझ्यासाठी लिहितेय. जेवण चांगलं असतं. फक्त कडक भाकरी इथं टिकत नाही. हवा इतकी दमट की दोन दिवसांत मऊ पडते. मग मी ती परत तव्यावर टाकून कडक करते आणि शेंगाचटणीबरोबर खाते, मिरजेची माझ्याकडं बघून हसते. नव्या जागेत रात्रभर एकाच टेबलामागं उभं राहायचं नाही, चार टेबलांवर फिरतं लक्ष ठेवायचं. म्हणजे पाय सुजायची तक्रारही मिटली. आता तुम्हीच सांगा, नाही कशासाठी म्हणायचं होतं?

आणि आई, तुला एक सांगायचं राहिलंच होतं. ट्रेनिंगला चिप्स, म्हणजे टेबलावर पैशाऐवजी लावायच्या चकत्या, न बघता मोजायला शिकवतात. वीसची थप्पी बोटांच्या अंदाजानं उचलायची, एकही कमी-जास्त नाही. माझी पहिल्यापासून बरोबर यायची. ट्रेनरनं विचारलं, आधी कुठं काम केलंय? काय सांगणार? तू मांडीवर सूप घेऊन बसायचीस, मी विडीची पानं कापून द्यायचे, आणि तू शेजारणीशी बोलता बोलता पंचवीस विड्यांची जुडी बांधून मोकळी व्हायचीस, मोजलेलं कधी दिसायचंच नाही. ती बोटं माझ्याकडं आलीत. तुझी दुखायला लागलीत तेवढी मात्र मला नकोत. गरम पाण्यात मीठ घालून रोज शेकायची आहेत. ‘बघते’ म्हणायचं नाही.

आत्या ‘जुगाराच्या अड्ड्यावर पोरगी ठेवली’ म्हणते, तेही कानावर आलं. तिला सांगा, परवाना सरकारचा आहे. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ चा. तो १९९२ मध्ये सैल करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली, १९९६ मध्ये जहाजांवर टेबलं. आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गंमत म्हणजे २०२० पासून खुद्द गोव्याच्या माणसाला खेळायला आत येता येत नाही. आपली माणसं बाहेर ठेवायची आणि बाकीच्यांना या म्हणायचं. हे शेवटचं वाक्य आत्याला सांगू नका.

आई, तू विचारलंस, ‘एवढं हरतात तर उठून का जात नाहीत गं?’ बाहेरून बघणारा म्हणतो हाव. मला तसं वाटत नाही. हावरा माणूस जिंकलेलं खिशात घालून लवकर उठतो. बसून राहतो तो वेगळाच असतो.

साठीचे एक गृहस्थ होते, बोटात पुष्कराजाची अंगठी. ते रूलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, सतरालाच पैसे लावत होते. आमच्या चाकाला ३७ खाने, शून्य ते ३६. चेंडू ३४ वर पडला आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच, ‘शेजारीच पडला हो!’ खरंच होतं ते, चाकावर सतराच्या एका बाजूला २५ असतो आणि दुसऱ्या बाजूला ३४. पण टेबलाच्या कापडावर आकडे क्रमानं छापलेले असतात, तिथं सतराला लागून १६, १८, १४ आणि २०. पुढच्या डावात १८ आला. ‘बघा, परत शेजारीच!’ म्हणजे एक सतरा जिंकायला, आणि सहा आकडे थोडक्यात हुकलं म्हणून चुटपुट लावायला. उरलेले तीस ते मोजतच नव्हते. चेंडूला कसला शेजार? ३४ वर पडला काय आणि ५ वर पडला काय, पैसे सारखेच जातात. पण सरळ हरलेला माणूस उठतो, थोडक्यात हुकलेला उठत नाही. मी चिप्स ओढून घेतल्या, तळहात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवले आणि म्हणाले, ‘सर, नवा डाव.’ तेच माझं काम.

टेबलाशेजारी पाटी असते, मागचे सगळे आकडे दाखवणारी. लोक वही काढून ते उतरवून घेतात. काळ्या रंगाचा आकडा पाच वेळा लागोपाठ आला की सगळ्या चिप्स लालवर. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोत काळा लागोपाठ २६ वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी आता तरी लाल येणार म्हणून लोक लावत गेले. त्या पाटीनं खेळणाऱ्याचा फायदा झाला असता तर कंपनीनं ती स्वतःच्या खर्चानं टांगली असती का?

बाबा, हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळतो. सतरा लागला तर लावलेले परत आणि वर ३५ पट. खाने मात्र ३७. म्हणजे सरासरीनं शंभराला पावणेतीन रुपये कंपनीचे. मटक्यात कल्याणची जोडी शंभरातली एक आणि रुपयाला नव्वद मिळायचे, म्हणजे शंभराला दहा बुकीचे. त्या हिशेबानं आमचं चाक दयाळूच म्हणायचं. पण तिथं पहिला आकडा (ओपन) आला की दुसरा (क्लोज) येईपर्यंत माणूस यंत्रमागावर जायचा, जेवायचा, बायकोशी भांडायचा. इथं दोन मिनिटांत पुढचा डाव. थोडं थोडं जातं म्हणून जाणवत नाही आणि सारखं जातं म्हणून सकाळी खिसा रिकामा असतो. यंत्रांचं तर बोलायलाच नको. पन्नास लावायचे, वीस परत मिळायचे आणि दिवे लागून गाणं वाजायचं. तीस रुपये गेले आणि माणूस हसतोय.

घड्याळ नाही, खिडकी नाही, हे सगळे सांगतात. मी दुसरंच बघते. जहाजावरून काठाला जायला छोटी बोट लागते. जिना उतरून थांबायचं, बोट येईपर्यंत मांडवीचा वारा खायचा. तेवढ्यात खिशात एक उरलेली चिप हाताला लागते आणि माणूस परत जिना चढतो. निरोप देऊन गेलेली माणसं अशी परत आलेली मी पुष्कळदा बघितलीत. थोडी ओशाळलेली असतात, आमच्याशी नजर मिळवत नाहीत.

आता नानाकाका. त्यांच्या मोबाइलवरची रमी २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आल्यावर बंद झाली, आणि मग मला फोन सुरू झाले. ‘तुझ्या जहाजावर एकदा बघायचंय गं, नुसतं बघायचंय.’ मग म्हणाले, पद्धत सापडलीय. ती पद्धत इथं दररोज कुणीतरी घेऊन येतं. लालवर ५०० लावायचे, गेले की १,०००, गेले की २,०००, कधीतरी लाल येणारच, सगळं भरून निघतं आणि वर ५०० मिळतात. सात वेळा लागोपाठ गेले तर ६३,५०० होतात, बाबा. पाचशेसाठी. आठव्या वेळेला ६४,००० लावावे लागतात आणि टेबलावर किती लावायचं याची मर्यादा ठरलेली असते. सात वेळा लागोपाठ कसं जाईल, असं त्यांना वाटतं. रात्रभर चाक फिरत असतं, जातं.

पण मी त्यांना हसले नाही आणि तुम्हीही हसू नका. इथं आलेल्या माणसाला आम्ही सर म्हणतो, पाणी आणून देतो, दुसऱ्यांदा आला तर नाव लक्षात ठेवतो. त्याचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं काठावर राहतं, आत कुणी काही विचारत नाही. काकांचे यंत्रमाग भंगारात गेले त्याला किती वर्षं झाली? तेव्हापासून त्यांना सर कोण म्हणालंय? अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांच्याकडं नुसती उधारी मागतात. म्हणूनच मला भीती वाटते. ते इथं रमतील. बोटीनं उतरतील आणि परत चढतील. मी त्यांच्याच टेबलाला असले तर त्यांच्या चिप्स मला ओढाव्या लागतील, आणि ते मला जमणार नाही.

मग दुसऱ्यांच्या काकांचं काय, हे आईनं फोनवर विचारलंच. मी म्हणाले, ते आपण होऊन येतात, एकविसाच्या वरचे आहेत, मी नसले तर दुसरी कुणी उभी राहील. हे सगळं खरं आहे. आई त्यावर ‘हं’ म्हणाली. तिचं ते ‘हं’ मला इथं झोपताना ऐकू येतं. तरी नोकरी मी सोडणार नाही. जाहिरातीचं, बोलावून आणायचं काम देऊ केलं होतं, त्यात पैसे जास्त होते, ते घेतलं नाही. तेवढं तिला सांगा.

बाबा, आता एक मागणं आहे. रागावू नका. साखर पेठेतल्या खोलीचं मी नाव काढणार नाही, आजीच्या पाटल्यांचंही नाही. ते सगळं तुम्ही कधीच फेडून टाकलंत, आमच्या पोटाला चिमटा बसू न देता. पण तुम्ही आकडा लावायचं थांबलात, म्हणजे थांबता येतं. कसं थांबलात ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. मला सांगू नका, पोरीला सांगायची गोष्ट नाही ती. नानाकाकांना सांगा. उपदेश नको, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त घाबरतात. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला घेऊन जा, दोघं भाऊ बसा. सकाळी उठल्या उठल्या हात कसे शिवशिवायचे, मटक्याच्या टपरीवरून जायचं टाळायला कुठल्या बोळातून जायचात, एवढंच सांगितलंत तरी पुरे. मी लहान होते तेव्हा तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून लांबच्या रस्त्यानं शाळेत सोडायचात. मला वाटायचं, मला फिरवायला. ते कशासाठी होतं ते पुढं कळलं, आणि तरीसुद्धा मला फिरवायलाच होतं असं मी अजून समजते.

काकांना रोख पैसे द्यायचे नाहीत. किराणा भरा, लाइटबिल भरा, पावती ठेवा. ते रडले तरी द्यायचे नाहीत, काकू रडली तर मला फोन करा. त्यांना १४४१६ हा नंबर लिहून द्या, सरकारचं टेली-मानस आहे, मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करतात, फुकट असतं. मराठीत बोलतात. आधी पप्यानं लावून बघावा.

तुमचं आता. शुगरची गोळी जेवणाआधी की नंतर ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावा. पाणी येईल त्या दिवशी आईनं एकटीनं हंडे उचलायचे नाहीत, पप्या घरी नसेल तर खाली बॅरलमध्येच राहू दे. ऑपरेशन गड्ड्याची यात्रा झाल्यावर करायचं, तेव्हा मला रजा मिळते, मी बोलून ठेवलंय. बाबा, आधी उरकून टाकू म्हणून परस्पर तारीख घ्याल, तसं करायचं नाही. डोळ्याला पट्टी आणि नंदीध्वजांची गर्दी, धूळ, मला माहीत आहे तुम्ही थांबणार नाही. चांगली लेन्स घ्यायची, स्वस्तातली सांगू नका, पैसे मी भरणार आहे. ते पैसे कुठून आले हा विचार ऑपरेशन झाल्यावर करू, तेव्हा मी समोर असेन, काय बोलायचं ते बोला.

तुमची,
बेबी

ता. क. आई, चटणी पाठवशील तर स्टीलच्या डब्यात पाठव आणि झाकणाला कापड बांध. मागच्या वेळी तेल दुसऱ्याच्या पार्सलवर गेलं आणि ट्रॅव्हल्सवाला माझ्याशी भांडला. आणि थोडी जास्त दे, मणिपूरच्या पोरीलापण लागते आता.